अदृश्य आक्रमणापासून विजेचे रक्षण

चिपळूण तालुक्यातील अलोरे हे गाव कोयना प्रकल्पाशी कायमचे जोडले गेले आहे. सह्याद्रीपलीकडे शिवाजीसागरात अडविलेले पाणी बोगद्यांतून पश्चिमेस उतरते, पोफळीच्या भूगर्भातील जनित्रे फिरविते, कोळकेवाडीच्या जलाशयात साठते आणि तिसऱ्या टप्प्यात पुन्हा वीज निर्माण करून वाशिष्ठीला मिळते. या टप्प्याची क्षमता ३२० मेगावॅट, तर संपूर्ण प्रकल्पाची १,९६० मेगावॅट आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप या परिसराने सोसला आहे. परंतु आज ज्या संकटाचा विचार करावयाचा, त्याने जमीन हादरत नाही की आवाजही होत नाही. ते संगणकाच्या तारेतून येते.

खाजगी कंपन्याच लक्ष्य का?

वीज, बंदरे, बँका, दूरसंचार यांचा मोठा भाग आज खाजगी कंपन्या चालवितात. एखाद्या राष्ट्राने लष्करी तळावर हल्ला केल्यास ते युद्ध ठरते. कंपनीचे संगणक बंद पाडल्यास मात्र त्याला हात झटकता येतात. नुकसान कंपनीचे दिसते, पण खोळंबते ते सारे जनजीवन. म्हणूनच कंपनीच्या संगणकांची सुरक्षितता हा तिचा खाजगी प्रश्न न राहता राष्ट्रीय सुरक्षिततेचा प्रश्न बनला आहे.

महाराष्ट्राने याचा अनुभव घेतला आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील हिशेबाच्या एका संगणक प्रणालीतून ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम पसरला. रोख युक्रेनवर होता. परंतु तो मर्स्क या डॅनिश नौवहन कंपनीत शिरला आणि न्हावाशेवा येथील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज कोलमडले. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. घानातील कार्यालयात त्या वेळी वीज नव्हती म्हणून तेथील एक महत्त्वाचा सर्व्हर वाचला आणि त्याच्या आधारे ही उभारणी शक्य झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने या हल्ल्यासाठी रशियाच्या लष्कराला जबाबदार धरले. रशियाने आरोप नाकारला.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ समितीने त्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला.

मुंबईचा अंधार

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई व परिसराची वीज गेली. उपनगरी गाड्या थांबल्या. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस एका अमेरिकन संस्थेने, चीनशी संबंधित गटाने भारतीय वीज क्षेत्रातील संगणकांत शिरकाव केल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. राज्याच्या सायबर विभागाने घातपाताची शक्यता वर्तविली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र मानवी चूक हे कारण सांगून सायबर हल्ल्याचा पुरावा नसल्याचे स्पष्ट केले. चीननेही आरोप नाकारला. या प्रसंगाचा बोध दुहेरी आहे. शिरकाव होणे आणि त्यामुळे वीज जाणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. आणि नोंदी नीट जपलेल्या नसतील तर त्यांतील संबंध सिद्धही करता येत नाही व नाकारताही येत नाही.

संरक्षणाची साधने

माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये महत्त्वाच्या संगणक यंत्रणा ‘संरक्षित’ म्हणून घोषित करता येतात, तर सायबर दहशतवादास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ‘सर्ट-इन’ या राष्ट्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती सहा तासांत कळविणे आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक झाले. वीज क्षेत्रासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२१ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. यंत्रे चालविणारे संगणक इंटरनेटपासून अलग ठेवणे, हे त्यांतील प्रमुख सूत्र होय.

तथापि नियम कागदावर असून भागत नाही. दुरुस्तीस आलेल्या माणसाने लावलेला पेन ड्राइव्ह, ओळखीचे वाटणारे पत्र उघडणे, अनेकांनी मिळून वापरलेला एकच परवलीचा शब्द, यांतूनच शत्रूला वाट मिळते. कमीपणा येईल या भीतीने घटना दडविली गेल्यास पुढचा बळी शेजारची कंपनी ठरते.

हाताचे कसब

२३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज दुरून तोडली. काही तासांतच ती परत आली, कारण कर्मचारी उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी स्विच हाताने चालू केले. हे कसब ज्यांच्याकडे आहे अशा माणसांची किंमत संगणकाच्या युगात कमी झालेली नाही, उलट वाढली आहे.

जलविद्युत जनित्र काही मिनिटांत सुरू होऊ शकते. अंधारलेल्या जाळ्यास पहिला आधार बहुधा पाण्याच्या विजेचाच असतो. त्यामुळे कोयनेच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले यंत्रज्ञान आणि नव्या पिढीची संगणकीय दक्षता यांची सांगड घालणे अगत्याचे आहे. धरणाच्या भिंतीवर पहारा असतो, तसाच तो नियंत्रण कक्षातील प्रत्येक संगणकावरही असला पाहिजे. तो करणारा पहारेकरी म्हणजे त्या संगणकासमोर बसलेला कर्मचारीच होय.