बसवरची जाहिरात, पडद्यावरची जाहिरात

मुलांनो, तुमच्यापैकी बरेच जण नवी मुंबई महानगरपालिकेच्या बसने प्रवास करतात. ही बससेवा १९९६ साली सुरू झाली. बस थांब्याजवळ आली की आपण आधी तिचा क्रमांक पाहतो. पण त्याच वेळी आणखी एका गोष्टीकडे आपली नजर जाते. बसच्या अंगावर एखाद्या साबणाचे, दागिन्यांच्या दुकानाचे किंवा शिकवणीच्या वर्गाचे मोठे चित्र असते. ती जाहिरात आपण मागितलेली नसते. तरीही आपण ती वाचतो.

बसवरची ती जागा फुकट मिळत नाही. जाहिरात करणाऱ्याला तिचे भाडे द्यावे लागते. तो भाडे का देतो? बस वाशी, तुर्भे, नेरूळ, बेलापूर अशी फिरते आणि रोज हजारो माणसे तिच्याकडे पाहतात म्हणून. हीच बस ओसाड माळावर उभी असती, तर त्या जागेला कोणी एक रुपयाही दिला नसता. म्हणजे भाडे पत्र्याचे नसते, भाडे माणसांच्या नजरेचे असते. एवढी गोष्ट लक्षात ठेवा. आजचा सारा पाठ तिच्यावरच उभा आहे.

आता बसमधून उतरून मोबाइलच्या पडद्याकडे वळू या.

इंटरनेटवर अनेक माणसे स्वतःच्या पानावर नियमित लेखन करतात. कोणी प्रवासाविषयी लिहितो, कोणी गणित शिकवतो, कोणी पाककृती देतो. अशा पानांना ब्लॉग म्हणतात. ब्लॉग वाचण्यासाठी आपण बहुधा पैसे देत नाही. मग लिहिणाऱ्याचे पोट कसे भरते? त्याच्या पानावरही बससारखीच जाहिरातीची जागा असते.

समजा, कोपरखैरण्यात शबाना नावाची वीस वर्षांची मुलगी राहते. ती महाविद्यालयात शिकते. तिची नानी रत्नागिरीची. नानीच्या हातचे सांदण आणि कोळंबीचे कालवण कसे करायचे, हे शबाना आपल्या ब्लॉगवर लिहिते. हळूहळू दूरदूरचे लोक ते वाचू लागतात. तिकडे एक कारखानदार कुकर विकतो. त्याला स्वयंपाकाची आवड असलेली माणसे हवी आहेत. शबानाकडे तशी माणसे रोज येतात. पण कारखानदाराला शबाना माहीत नाही आणि शबानाला कारखानदार माहीत नाही. या दोघांची गाठ कोण घालून देणार?

याचे उत्तर आपल्याच गावात आहे. वाशीच्या घाऊक बाजारात नाशिकचा कांदा येतो. तो पिकवणारा शेतकरी मुंबईतल्या दुकानदाराला ओळखत नाही. दोघांच्या मध्ये अडत्या असतो. तो माल लिलावाला काढतो, भाव ठरतो आणि अडत्या आपली अडत घेतो. इंटरनेटवरील जाहिरात योजना हेच काम करतात. त्यांतली सर्वांत परिचित योजना म्हणजे गूगल कंपनीची ॲडसेन्स. ती २००३ साली सुरू झाली.

हा बाजार कसा चालतो ते पाहा. वाचकाने शबानाचे पान उघडले की तिथल्या रिकाम्या जागेचा निरोप जाहिरात योजनेच्या संगणकाकडे जातो. पानावर तांदूळ, नारळ, कुकर, शिट्टी असे शब्द आहेत, हे त्या संगणकाला ठाऊक असते. हा वाचक साधारण कुठे राहतो आणि यापूर्वी त्याने काय शोधले, याचाही अंदाज तो अनेकदा घेतो. मग त्या एका जागेचा लिलाव होतो. अनेक जाहिरातदारांच्या वतीने संगणकच बोली लावतात. जिंकणाऱ्याची जाहिरात पडद्यावर येते. हे सारे डोळ्याचे पाते लवेपर्यंत आटोपते. बाजारातल्या लिलावाला गलका असतो, या लिलावाला आवाजच नसतो.

आता पैशांचा हिशेब करू. समजा, कुकरवाल्याने शबानाच्या पानावरील जाहिरातींसाठी १०० रुपये दिले. जाहिरातदाराच्या बाजूचे काम पाहणारा गूगलचा विभाग त्यातून सरासरी १५ रुपये घेतो. उरले ८५. त्यांपैकी ८० टक्के, म्हणजे ६८ रुपये, पानाच्या मालकाला मिळतात. राहिलेले १७ रुपये ॲडसेन्सचे. पूर्वी वाचकाने जाहिरातीवर बोट ठेवले तरच बहुतेक पैसे मिळत. २०२४ पासून ॲडसेन्समध्ये मुख्यतः जाहिरात किती वेळा दिसली, यावर मोजणी होते.

हे वाचून कोणाला वाटेल, मग आपणही उद्याच ब्लॉग काढू आणि श्रीमंत होऊ! जरा थांबा. एकदा जाहिरात दिसली की मिळणारी रक्कम फार लहान असते. थेंबे थेंबे तळे साचते, पण थेंब पडायला हवेत. म्हणजे वाचक यायला हवेत. सर्व वाचकांचा भावही सारखा नसतो. ज्या वाचकांसाठी अधिक जाहिरातदार चढाओढ करतात, त्यांच्या पानाला जास्त मोल मिळते. म्हणून कित्येक ब्लॉगलेखकांची महिन्याची कमाई मोबाइलच्या खर्चापुरतीही होत नाही. थोड्यांचे मात्र घर चालते.

नियमही आहेत. स्वतःच्या नावे खाते उघडण्यासाठी वय १८ वर्षे पूर्ण असावे लागते. कमाई १० डॉलरपर्यंत पोहोचली की पत्ता खरा आहे का, हे तपासण्यासाठी पोस्टाने एक पत्र येते. त्यात एक सांकेतिक क्रमांक असतो. इतक्या आधुनिक व्यवहारातही शेवटी पोस्टमनच दार वाजवतो, याची गंमत वाटते ना? पैसे मात्र कमाई १०० डॉलर झाल्यावरच बँकेत जमा होतात. त्याला कधी कधी वर्षही लागते.

भाषेचाही इथे संबंध येतो. संगणकाला पान वाचता आले, तरच त्याला योग्य जाहिरात निवडता येते. एके काळी उर्दू मजकूर अनेक ठिकाणी चित्राच्या रूपात टाकला जाई. माणसाला तो वाचता येई, संगणकाला मात्र ते नुसते चित्रच दिसे. मराठी संकेतस्थळेही आपापले वेगळे फॉन्ट वापरत. एकाची अक्षरे दुसऱ्याच्या संगणकावर वेडीवाकडी दिसत. युनिकोड ही सर्वांसाठी एकच असलेली पद्धत रुळली आणि ही अडचण दूर झाली. ॲडसेन्सने डिसेंबर २०१४ मध्ये हिंदी भाषेतील पानांना प्रवेश दिला. आज त्या यादीत मराठी आहे आणि उर्दूही आहे. म्हणजे नानीची पाककृती नानीच्या भाषेत लिहिली, तरी तिला जाहिरात मिळू शकते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. समजा, शबानाची कमाई ९० डॉलरवर येऊन थांबली. तिला महाविद्यालयाची फी भरायची आहे. एक मैत्रीण म्हणते, "अगं, आपण सगळ्या जणी रोज तुझ्या पानावरच्या जाहिराती उघडू. चार दिवसांत १०० डॉलर होतील." शबानाने काय करावे?

मैत्रिणीचा हेतू मदतीचा आहे, पण ही फसवणूक आहे. कुकरवाल्याने गिऱ्हाइकासाठी पैसे दिले आणि त्याला मिळाली खोटी नजर. हे म्हणजे तराजूच्या पारड्याखाली मेण लावण्यासारखे झाले. अशी खोटी बोटे कुठून आणि किती वेळा पडली, हे जाहिरात योजनेचे संगणक तपासत असतात. लबाडी सापडली की खाते बंद होऊ शकते आणि साठलेले पैसेही हातचे जाऊ शकतात. वर्षभर लिहिलेल्या खऱ्या पाककृतींची कमाई चार दिवसांच्या खोटेपणात बुडते. पण समजा, लबाडी सापडली नाही तर? तरीही कुकरवाल्याचे पैसे गेलेच. पकडले न जाणे म्हणजे प्रामाणिक असणे नव्हे.

शबानाला कमाई वाढवायची असेल, तर सरळ वाट एकच आहे. तिने आणखी एक चांगली पाककृती लिहावी. मिठाचे प्रमाण नीट सांगावे. जे स्वतः करून पाहिले तेच लिहावे. ज्या वाचकाचे कालवण तिच्या शब्दांवर विसंबून चांगले झाले, तो पुन्हा येईल आणि आपल्या बहिणीलाही सांगेल.

वाचक म्हणून तुमचेही एक काम आहे. पडद्यावर लेख कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे ओळखायला शिका. जाहिरातीच्या कोपऱ्यात बहुधा बारीक खूण असते, ती शोधा. जाहिरात दिसली म्हणून वस्तू चांगलीच असते असे नाही. घरातल्या मोठ्यांना विचारल्याशिवाय तिथे आपले नाव, पत्ता किंवा फोन क्रमांक भरू नका.

उद्या बसथांब्यावर उभे राहाल, तेव्हा बसवरची जाहिरात जरूर वाचा. आणि मनाशी म्हणा, "माझ्या नजरेला मोल आहे. ती कोणाला द्यायची, हे मी विचार करून ठरवीन."

स्वाध्याय

१. "भाडे पत्र्याचे नसते, भाडे माणसांच्या नजरेचे असते," असे लेखक का म्हणतो?
२. अडत्या आणि जाहिरात योजना यांत कोणते साम्य आहे?
३. जाहिरातदाराने २०० रुपये दिले, तर पाठातील हिशेबाप्रमाणे पानाच्या मालकाला किती मिळतील?
४. तुम्ही शबानाच्या जागी असता, तर मैत्रिणीला काय उत्तर दिले असते? पाच वाक्ये लिहा.