निकालानंतर घरात काय बोलायचं?

दहावीचा निकाल लागला की आमच्या गटाच्या बैठकीत हप्त्याचा विषय मागे पडतो आणि मुलांचंच बोलणं निघतं. पेढे आले त्या घराचं सगळ्या बोलतात. ज्या घराचं दार लावलेलं असतं तिथं जायचं म्हटलं की पाय अडखळतो, कारण बोलायचं काय ते कळत नाही.

मागे आमच्या एका सदस्येची मुलगी गणितात नापास झाली. आम्ही तिघीचौघी चांगल्या मनानं भेटायला गेलो. "अगं, एवढं काय मनावर घेतेस? आमच्या वेळी निम्मा वर्ग नापास व्हायचा," असं म्हणून चहा पिऊन आलो. आम्ही गेल्यावर पोरगी आणखीच रडली, असं तिच्या आईनं नंतर सांगितलं. दुखणं गणिताचं नव्हतंच. "आता हिला उजवून टाका," असं आजी म्हणाली होती, ते तिनं ऐकलं होतं. तिला भीती लग्नाची, आणि आम्ही समजूत काढत होतो गणिताची!

तेव्हापासून आम्ही आधी विचारतो आणि गप्प बसतो. समोर बसवून चौकशी केली की मुलं तोंड उघडत नाहीत. शेंगा फोडताना, शेताकडं चालताना बोलतात. "तुला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते?" एवढंच विचारावं. उत्तराला वेळ लागतो, लागू द्यावा. चुलतभावाचे टक्के काढू नयेत. "तुझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या" हेही नको. ते त्यांना माहीत असतं, आणि तेच टोचत असतं.

मूल जेवत नाही, झोपत नाही, "मी नसलेलीच बरी" म्हणतं, तर मात्र सरळ विचारायचं, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, असं पुष्कळजणींना वाटतं. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मन मोकळं होतं. "हो" म्हणाली तर ओरडू नका, शपथा घालू नका. "सांगितलंस ते बरं केलंस," म्हणा. कुणाला सांगणार नाही असं वचन मात्र देऊ नका. तिला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध त्याच दिवशी कुलपात ठेवा, किल्ली आपल्याजवळ. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे. फोन फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीतही बोलता येतं. आईनं स्वतःसाठी केला तरी चालतो. धोका वाटला तर वाट न बघता १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा.

पुरवणी परीक्षा, एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावी, शाळा सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म, हे सगळं आहे. पण ते पहिल्याच दिवशी सांगू नये. रडणाऱ्या पोरीपुढं फॉर्म धरला की तिला वाटतं, हिला माझं ऐकायचंच नाही.

त्या मुलीच्या आईनं तिच्यादेखतच सासूला सांगितलं, "अठरा पूर्ण होईस्तोवर या घरात लग्नाचं नाव निघणार नाही." त्या रात्री पोरगी जेवली. चार दिवसांनी मायलेकी पुरवणीचा फॉर्म भरायला शाळेत गेल्या. आजी अजून कुरकुरते.