मेणातला ऐवज

बाहेरगावी ऑपरेशन करून परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्यांच्या पिशवीत एमआरआयच्या फिल्म असतात, डिस्चार्ज कार्ड असतं आणि आगपेटीहून लहान, चपटी प्लास्टिकची चौकट असते. चौकटीवर पांढरट मेण, मेणात गाठीचा तुकडा. हा ‘ब्लॉक’. मेंदूच्या गाठीवर पुढे काय करायचं, हे आज बरंचसं त्यावरूनच ठरतं.

1926 साली बेली आणि कुशिंग यांनी ग्लायोमा, म्हणजे मेंदूतल्या आधारपेशींच्या गाठींचं वर्गीकरण केलं, ते सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात त्यावरून. पुढची नव्वद वर्षं भिस्त डोळ्यांवरच होती. पण एकसारख्या दिसणाऱ्या गाठींचे दोन रुग्ण. एक वर्षभरात जाई, दुसरा दहा वर्षं जगे. त्याचं उत्तर जनुकांत होतं. 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जनुकीय खुणा निदानातच धरल्या, 2021 च्या आवृत्तीत त्या आणखी पक्क्या झाल्या. आता स्लाइडवर सौम्य दिसणारी गाठही जनुकांच्या साक्षीवरून ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे सर्वांत आक्रमक ग्लायोमा, ठरू शकते.

पहिली मोठी खूण एमजीएमटी हे जनुक. टेमोझोलोमाइड हे औषध गाठीच्या डीएनएला इजा करतं. त्या जनुकापासून बनणारं प्रथिन ती इजा दुरुस्त करतं. हे जनुक मिथाइलेशन या रासायनिक बदलानं बंद पडलेलं असेल, तर औषध लागू पडतं. 2005 च्या अभ्यासात अशा रुग्णांचं मध्यम आयुर्मान नुसत्या रेडिएशननं 15.3 महिने होतं, जोडीला औषध दिल्यावर 21.7. म्हणून वयस्क, थकलेल्या रुग्णाला रेडिएशन द्यायचं की गोळ्या, हे ठरवताना हा रिपोर्ट फार कामी येतो.

दुसरी खूण आयडीएच जनुकातला बदल, 2008 साली सापडलेली. त्या जनुकातला नेहमीचा बदल ओळखायला साधं रंजनही पुरतं: बदल असलेल्या पेशी स्लाइडवर तपकिरी उमटतात, शेजारच्या निरोगी पेशी निळसरच राहतात. या बदलाच्या जोडीला 1पी आणि 19क्यू हे गुणसूत्रांचे तुकडे दोन्ही गळालेले असतील, तर ती गाठ ऑलिगोडेंड्रोग्लायोमा प्रकारची. अशा गाठींच्या एका चाचणीत नुसत्या रेडिएशननं मध्यम आयुर्मान 7.3 वर्षं होतं, केमोच्या जोडीनं 14.7. आयडीएचवरच नेम धरणारी व्होरासिडेनिब गोळी अमेरिकेत 2024 मध्ये मंजूर झाली.

मुलांमधल्या मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीचेही चार जनुकीय गट आहेत; त्यांतल्या डब्ल्यूएनटी गटाची मुलं बहुधा बरी होतात. हे गट मेणातल्या जुन्या तुकड्यांवरूनही ओळखण्याची पद्धत टाटाच्याच खारघरच्या अॅक्ट्रेक या संशोधन केंद्रात विकसित झाली. आपल्याकडे बहुतेक नमुने मेणातच येतात, म्हणून हे काम मला फार मोलाचं वाटतं.

या खुणांनी प्रत्येक गाठ बरी होत नाही. ग्लायोब्लास्टोमा अजूनही निर्दयच आहे. पण ज्याला औषध लागू पडेल त्याला ते मिळावं आणि ज्याला पडणार नाही त्याचे उरलेले महिने उलट्यांत जाऊ नयेत, एवढं तरी आपल्या हातात आलं आहे. तेव्हा ऑपरेशन कुठेही होवो, रिपोर्टबरोबर ब्लॉक मागून घ्या. त्यावरचा नंबर रिपोर्टशी ताडून बघा, उन्हात तापलेल्या गाडीत तो ठेवू नका. घरच्या माणसाच्या उपचाराची दिशा त्या मेणात आहे.