तारेची जाडी आणि डॉक्टरांची परीक्षा

प्रयोगशाळेत स्क्रू गेजने तारेचा व्यास मोजताना सर तुम्हाला एकाच जागी मोजून थांबू देत नाहीत. ‘चार-पाच ठिकाणी मोजा आणि सरासरी काढा,’ असे बजावतात. का बरे? कारण तार सगळीकडे सारखी जाड नसते. एकाच जागी दहा वेळा मोजलेत, तर त्या जागेचा व्यास अचूक कळेल, तारेचा नव्हे! एवढे ध्यानात ठेवा, कारण हेच स्क्रू गेज हाती घेऊन आपल्याला आज वैद्यकीय महाविद्यालयात शिरायचे आहे.

कॅनडातील हॅमिल्टन शहरी मॅकमास्टर विद्यापीठ आहे. तेथे जेफ्री नॉर्मन यांनी १९७१ साली अणुकेंद्रकाच्या पदार्थविज्ञानात पीएच.डी. मिळवली. पुढे मात्र ते त्याच विद्यापीठाच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे वळले. डॉक्टर विचार कसा करतात आणि तो करायला शिकतात कसे, हा त्यांचा संशोधनविषय झाला. आमच्या विषयातला माणूस तिकडे गेला याचे मला थोडे वाईट वाटते; पण मोजण्याची सवय तो बरोबर घेऊन गेला, हे बरे झाले.

त्या काळी समजूत अशी होती की, चांगल्या डॉक्टरजवळ ‘समस्या सोडवण्याचे कौशल्य’ असते. ते एकदा अंगी बाणले की कोणताही रोगी येवो, निदान होणारच. हे खरे की खोटे? नॉर्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आजाऱ्याची भूमिका हुबेहूब वठवणारी माणसे तयार केली आणि विद्यार्थ्यांना व अनुभवी डॉक्टरांना त्यांच्यापुढे बसवले. गंमत अशी की, दोघांची रीत सारखीच निघाली. दोघेही पहिल्या काही मिनिटांतच चार-पाच रोगांचा अंदाज बांधत आणि मग प्रश्न विचारून तो पडताळून पाहत. फरक एवढाच की, अनुभवी डॉक्टरांचे अंदाज अधिक वेळा बरोबर ठरत.

याहून मोठा धक्का पुढेच होता. अमेरिकेतील आर्थर एल्स्टाईन, ली शुलमन आणि सारा स्प्राफ्का यांचे या विषयावरील पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. एका रोग्याच्या बाबतीत उत्तम ठरलेला डॉक्टर दुसऱ्याच्या बाबतीतही उत्तम ठरेलच असे नाही, असे त्यांना आढळले होते. मॅकमास्टरमध्येही तेच दिसले. दोन निरनिराळ्या रोग्यांवर मिळालेल्या गुणांतील सहसंबंध पुष्कळदा ०.१ ते ०.३ एवढाच भरे. (गुण पूर्णपणे बरोबरीने वाढले तर तो १ असतो, काहीच संबंध नसेल तर ०.) म्हणजे हृदयविकार छान ओळखणारा विद्यार्थी पोटदुखीपाशी गडबडू शकतो. तार सगळीकडे सारखी नसते, ती अशी!

मग एक-दोन रोगी दाखवून डॉक्टरची परीक्षा घेणे कितपत न्याय्य? नापास होणाऱ्याचे वर्ष जाते. उलट चुकीने पास झालेल्याच्या हाती उद्या कोणाचा तरी जीव असतो.

प्रवेशाच्या मुलाखतीचेही तसेच. तीन परीक्षक एकत्र बसून उमेदवाराशी तासभर बोलतात, तेव्हा ते एकाच जागी तीनदा मोजत असतात. माझ्या नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत मी पहिल्याच प्रश्नाला अडखळलो आणि पुढची वीस मिनिटे त्याच अडखळण्याची होती, म्हणून मला हे चटकन पटते. केविन इव्हा, हॅरोल्ड रायटर आदींसह नॉर्मन यांनी २००४ साली दुसरी पद्धत मांडली. दहा खोल्या, प्रत्येक खोलीत वेगळा परीक्षक आणि वेगळा प्रसंग, दर खोलीत आठ मिनिटे. एका खोलीत घसरलात, तरी पुढच्या खोलीतल्या परीक्षकाला त्याचा पत्ता नसतो! परीक्षकांचा एकूण वेळ फारसा वाढत नाही. तो फक्त तारेवर निरनिराळ्या ठिकाणी वाटला जातो. दंतवैद्यक आणि औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशांसाठीही पुढे अनेक ठिकाणी ही पद्धत आली.

आता तुमच्या रोजच्या उपयोगाचा एक प्रयोग. रोझ हटाला, ली ब्रुक्स आणि नॉर्मन यांनी २००३ साली तो प्रसिद्ध केला. नवशिक्या विद्यार्थ्यांना हृदयाचे विद्युत्-आलेख, म्हणजे ईसीजी, वाचायला शिकवले. एका गटाने सराव प्रकारवार केला: आधी एका विकाराचे सगळे आलेख, मग दुसऱ्याचे. दुसऱ्या गटाला आलेख सरमिसळ करून दिले. नंतरच्या चाचणीत पहिल्या गटाची सुमारे ३० टक्के, तर दुसऱ्याची सुमारे ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. कारण उघड आहे. प्रकारवार सरावात ‘हा कोणता विकार?’ हा प्रश्न पडतच नाही. उत्तर मथळ्यातच असते. खरा रोगी मात्र कपाळावर मथळा लावून येत नाही.

आपल्या पुस्तकांतली उदाहरणे धड्यावार असतात. ‘प्रकाशाचे अपवर्तन’ या धड्याखालचे उदाहरण अपवर्तनाचेच असणार, हे न वाचताही कळते. पुढच्या रविवारी चार धड्यांतली पाच-पाच उदाहरणे चिठ्ठ्यांवर उतरवा, धड्याचे नाव न घालता. चिठ्ठ्या डब्यात टाकून हलवा आणि एकेक काढून सोडवा. सुरुवातीला चुका जास्त होतील. हटालांच्या दुसऱ्या गटालाही सराव सोपा गेला नसणार.