लावरी

लावरी हा जमिनीवर राहणारा लहान पक्षी आहे. बटेर हा तिचा नातेवाईक. लावरीचा रंग मातीसारखा तपकिरी असतो. म्हणून ती गवतात सहज दिसत नाही. गवताचे बी आणि किडे हे तिचे अन्न.

लावऱ्या थव्याने राहतात. विसावताना त्या बाहेर तोंड करून गोल बसतात. त्यामुळे चारही बाजूंना लक्ष राहते. कोणी अगदी जवळ आले, की त्या भुर्रकन चहूकडे उडतात. शत्रू गोंधळतो. थोड्या वेळाने एकमेकींना हाका मारून त्या पुन्हा एकत्र जमतात.

लावरीचे घरटे जमिनीवरच असते. गवत पेटवले, तर अंडीही जळतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिच्या शिकारीला बंदी आहे. पण गवत राखले, तरच लावरी राहील.