चिनी अक्षरलेखनातील रेषाक्रम : स्वरूप व प्रयोजन

चिनी लिपीतील प्रत्येक अक्षर ठरावीक रेषांनी सिद्ध होते व त्या रेषा काढण्याचा क्रमही निश्चित असतो. वरून खाली, डावीकडून उजवीकडे आणि उभ्या रेषेपूर्वी आडवी, हे त्याचे प्रमुख नियम होत. ‘दहा’ या अर्थाचे अक्षर अधिकचिन्हासारखे असते. त्यात आडवी रेषा प्रथम येते. ‘देश’ या अर्थाच्या अक्षरात चौकटीच्या तीन बाजू आधी, आतील भाग नंतर आणि तळाची रेषा सर्वांत शेवटी काढली जाते.

हा क्रम केवळ शिस्तीसाठी नाही. जलद लेखनात रेषा एकमेकींत मिसळतात. हात कोणत्या रेषेकडून कोणत्या रेषेकडे वळला, यावरून वाचक अक्षर ओळखतो. चुकीच्या क्रमाने सावकाश काढलेले अक्षर निर्दोष दिसू शकते. तेच वेगाने लिहिले असता दुर्बोध होते.

तथापि, हा क्रम निसर्गदत्त नसून संकेतजन्य आहे. ‘राजा’ या अर्थाच्या अक्षरात उभी रेषा चीनमध्ये दोन आडव्या रेषांनंतर, तर जपानमध्ये एकीनंतरच काढतात. चीनने १९९७ साली ७००० अक्षरांचा क्रम प्रमाणित केला. २०२१ पासून लागू झालेल्या मानकात ८१०५ अक्षरे आहेत.

आज उच्चार टंकित करून संगणकावर अक्षर निवडता येते. परिणामी, वाचता येणारे अक्षर हाताने लिहिता न येणे ही चीनमधील सुशिक्षितांचीही अडचण झाली आहे. म्हणूनच अध्यापकाने आरंभीची मूलभूत अक्षरे योग्य क्रमाने गिरवून घेणे आवश्यक ठरते. पुढील बहुसंख्य अक्षरे त्याच घटकांतून घडलेली असतात.