कोयता, मुकादम आणि तक्त्यांमधील नाती

दसरा-दिवाळी उलटली की धारूर तालुक्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या व्यवसायात ‘कोयता’ हे हत्याराचे नाव आहे, तसेच माणसे मोजण्याचे एककही आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि लिहिली जाते बहुधा नवऱ्याच्या नावावर. बायकोचे श्रम हिशेबात धरलेले असतात, तिचे नाव मात्र वहीत नसते.

या मजुरांची नोंद संगणकावर ठेवायची झाली तर कशी ठेवाल? पहिला विचार सुचतो तो एका लांबलचक वहीचा. एका ओळीत हंगाम, कारखाना, मुकादम, त्याचा दूरध्वनी, कोयता, उचल, मुले असे सगळेच. पण एका मुकादमाकडे वीस कोयते असले, तर त्याचे नाव वीस वेळा लिहावे लागते. दूरध्वनी बदलला की वीस ठिकाणी खाडाखोड, आणि त्यातल्या दोन ओळी हटकून राहून जातात. मग खरा क्रमांक कोणता?

आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली यावर एक मांडणी सुचवली. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि तक्त्यांमधील नाती त्यांत लिहिलेल्या मूल्यांनीच जोडावीत. म्हणजे मुकादमांचा तक्ता वेगळा, कोयत्यांचा वेगळा. प्रत्येक मुकादमाला एक ओळख-क्रमांक, आणि कोयत्याच्या ओळीत फक्त तो क्रमांक. याला ‘फॉरेन की’ म्हणतात. हा क्रमांक मुकादमाच्या ओळीत का नाही लिहायचा? कारण एका चौकटीत एकच मूल्य बसते. एका हंगामात कोयत्याचा मुकादम एक असतो, मुकादमाचे कोयते मात्र वीस. म्हणून क्रमांक नेहमी ‘अनेक’ असलेल्या बाजूला जातो. रुबी ऑन रेल्स (२००४) आणि जँगो (२००५) या वेब-चौकटींत हे नाते मॉडेलमध्ये एका ओळीत जाहीर करता येते. पुढची जुळवाजुळव चौकट करते.

आता अवघड भाग. एका कोयत्यात दोन माणसे, आणि तोच माणूस पुढच्या हंगामात दुसऱ्या कोयत्यात, दुसऱ्या मुकादमाकडे. दोन्ही बाजूंना ‘अनेक’. अशा वेळी क्रमांक कोणत्याच बाजूला ठेवता येत नाही. मधे तिसरा तक्ता घालावा लागतो. त्याला आपण ‘सहभाग’ म्हणू. त्याच्या प्रत्येक ओळीत एका मजुराचा क्रमांक, एका कोयत्याचा क्रमांक आणि हंगाम. इथे बायकोला तिची स्वतःची ओळ मिळते.

मग उचलीचा रकाना कोठे ठेवायचा? कोयत्याच्या तक्त्यात ठेवला तर थकबाकी जोडप्याची. सहभागात ठेवला तर प्रत्येकाची स्वतंत्र. चौकट दोन्ही निमूट स्वीकारते. आमच्या मते काम आणि मजुरी सहभागातच असावी, नाहीतर वहीतला जुना अन्याय आपण नव्या यंत्रात जसाच्या तसा उतरवतो.

मुलांचेही तसेच. विद्यार्थ्याच्या ओळीत ‘शाळा’ असा एकच रकाना असेल, तर धारूरच्या पटावरचे मूल कारखान्यावरच्या साखरशाळेत गेले की एक तर जुनी शाळा पुसली जाते, नाहीतर नवी लिहिलीच जात नाही. मधे ‘प्रवेश’ हा तक्ता घाला: विद्यार्थी, शाळा, कधीपासून, कधीपर्यंत. गाव सोडताना पहिली नोंद तारीख घालून मिटवायची, नव्या शाळेत दुसरी उघडायची. मग संगणकाला असा प्रश्न विचारता येतो: १५ जानेवारीला ज्यांची एकही प्रवेश-नोंद उघडी नाही अशी मुले कोणती? एका रकान्याच्या वहीला हा प्रश्न समजतच नाही.

नाती जोडली की दोन जागी सांभाळावे लागते. एक वेगाची. दोनशे कोयत्यांची यादी काढून प्रत्येकाचा मुकादम स्वतंत्रपणे विचारला, तर एकूण २०१ प्रश्न होतात. शिपायाला कपाटाकडे दोनशे वेळा पाठवण्यासारखेच ते. सगळे मुकादम एकदम मागवण्याची सोय दोन्ही चौकटींत आहे, ती वापरावी.

दुसरी जागा अधिक गंभीर. मुकादमाची नोंद खोडली तर त्याच्या कोयत्यांचे काय? त्याही खोडाव्यात असे सांगून ठेवले असेल, तर कोयते जातील, त्यामागून सहभाग जातील, आणि एका वस्तीने हंगामभर काम केल्याचा पुरावा एका कळीसरशी नाहीसा होईल. अवलंबून नोंदी असतील तर खोडायला नकारच द्यावा, असेही सांगता येते. जँगोच्या २.० या आवृत्तीपासून (डिसेंबर २०१७) फॉरेन की लिहिताना हा निर्णय स्पष्टपणे नमूद करणे सक्तीचे आहे. ही सक्ती आम्हाला फार शहाणपणाची वाटते.

वर्गात हे संगणकाविना करता येईल. मजूर, कोयता आणि मुकादम यांची पुठ्ठ्याची पत्ते-कार्डे करा, प्रत्येकावर क्रमांक घाला आणि सहभागाची कार्डे विद्यार्थ्यांकडून भरून घ्या. नंतर अर्धा कोयता कसा दाखवायचा, ते त्यांनाच ठरवू द्या.